बेटांवरची झाडे आणि वर्ध्याची सावली

वर्धा शहराच्या आसमंतात हिंडणाऱ्यास वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ बरोबर बाळगण्याचे कारण नाही. गावांची नावे ध्यानात ठेवली तरी पुरे. सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), उमरी (मेघे), बोरगाव (मेघे) ही नावे ओळीने उच्चारावीत, म्हणजे शिंदी, पिंपरी, उंबर आणि बोर ह्या चार वृक्षांची हजेरीच घेतल्यासारखे होते. जिल्ह्यात थोडे पुढे जावे तो पळसगाव आणि वडगाव ही नावे भेटतात. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी ही झाडे लावलेली नव्हती. झाडे आधी होती. माणसे मागाहून त्यांच्या आश्रयास आली आणि आपल्या वस्तीची ओळख त्यांनी झाडावरून सांगितली. आज क्रम उलटला आहे. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत 'गुलमोहर' नावाची एखादी वसाहत सापडेल. तेथे वस्ती आधी झाली, नाव कागदावर पडले आणि झाड मागाहून विकत आणले गेले.

हा फरक केवळ नामकरणाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्या झाडांनी गावांस नावे दिली ती कोठे गेली, आणि जी विकत आली ती कोठून व कोणत्या वाटेने आली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या ह्या कोरड्या जिल्ह्याचा संबंध अकस्मात हिंदी महासागरातील बेटांशी जाऊन भिडतो.

वर्धा हा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. आरंभी त्याचे ठाणे पुलगावाजवळ कवठा येथे होते. १८६६ साली ते पालकवाडी ह्या खेड्याच्या जागी हलले आणि नदीचे नाव धारण करून नवे शहर उभे राहिले. पुढल्याच वर्षी लोहमार्ग नागपुरास पोचला. म्हणजे वर्धा हे मुळातच आखून वसविलेले शहर. अशा शहरास जुने वृक्ष वारशाने मिळत नाहीत, ते लावावे लागतात. त्या काळी रस्त्याच्या कडेस झाड लावावयाचे ते सावलीसाठी, ही समजूत इतकी सार्वत्रिक होती की तिची कारणे कोणी लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही. कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच, आंबा, करंज ही मार्गवृक्षांची जुनी यादी कोणत्याही बैलगाडीवाल्यास तोंडपाठ असे. ह्या यादीत एक शहाणपण दडलेले आहे. विदर्भातला उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांसच ते कळेल. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांच्या तोंडावर पिंपळ व कडुनिंब नवी पालवी धारण करितात. चिंच आणि आंबा तर बारमाही हिरवे. रान उजाड असते तेव्हा मार्गावर छाया असते.

आता गुलमोहराकडे वळू. त्याचे नाव कानास इतके आपले वाटते, आणि गेल्या शंभर वर्षांत मराठी कवितेने त्यास इतके लडिवाळपणे मांडीवर घेतले आहे, की तो परका असल्याची शंकाही कोणास शिवत नाही. वास्तविक तो आफ्रिकेच्या पूर्वेकडील मादागास्कर बेटाचा रहिवासी. बोहेमियात जन्मलेल्या वेन्सेस्लास बोयर ह्या वनस्पतिशोधकास तो १८२० नंतरच्या दशकात तेथे आढळला. १८२९ साली इंग्लंडातील एका वनस्पतिविषयक नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. मादागास्करहून तो मॉरिशस बेटावर गेला. फ्रेंचांनी आणि मागाहून इंग्रजांनी ह्या बेटास वनस्पतींचे जणू धक्काबंदरच केले होते. पांपलमूस येथील उद्यानात दाही दिशांची झाडे येऊन उतरत आणि तेथून पुन्हा दाही दिशांस जात. १८४० च्या सुमारास गुलमोहर मुंबईस पोचला, असे सामान्यतः मानले जाते. मुंबई हाही त्या वेळी भराव घालून जोडला जात असलेला बेटांचाच पुंजका होता. एका बेटावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या असा हा प्रवास झाला. त्यापुढे लोहमार्गाच्या कडेकडेने, फलाटांवरून, साहेबांच्या बंगल्यांतून आणि कचेऱ्यांच्या आवारांतून तो देशभर पसरला. योगायोग असा की ह्याच दशकांत रत्नागिरीकडील मराठी माणसे गिरमिटावर सही करून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जात होती. इकडून माणसे गेली, तिकडून झाड आले. माणसांस जे सोसावे लागले त्याच्या कथा थोड्याबहुत लिहिल्या गेल्या. झाडाच्या येण्याने काय झाले हे लिहिण्याचे कोणास सुचले नाही, कारण झाड सुंदर होते.

ते सुंदर आहे ह्यात वाद नाही. मे महिन्यात सारी सृष्टी भाजून निघत असता असा लाल जाळ माथ्यावर घेऊन उभा राहणारा वृक्ष पाहून ज्याचे पाऊल थबकणार नाही त्याच्या रसिकतेविषयी आम्हांस संशय येईल. परंतु मार्गवृक्षाची परीक्षा पाऊल थबकविण्यात नसून थकलेल्या पावलास बसू देण्यात आहे. फाल्गुन-चैत्रात गुलमोहर बहुधा निष्पर्ण असतो. काळ्या शेंगा तेवढ्या खुळखुळत असतात. त्याची मुळे खोल न जाता पसरतात, लाकूड ठिसूळ असते, आणि मृगाच्या पहिल्या वादळात रस्त्यावर आडवे पडलेले झाड पुष्कळदा हेच असते. भुंगे त्याच्या फुलावर येतात, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण उंबराच्या फळांवर जशी हरियाल पाखरांची पंगत बसते, किंवा फाल्गुनात पळसावर मैना आणि सूर्यपक्षी जसे तुटून पडतात, तसा शेजार त्यास येथे लाभलेला नाही. त्या शेजारास दीडशे वर्षे पुरत नाहीत. त्याचे मूळचे रान मादागास्करात आक्रसत चालले आहे आणि इकडे उष्ण कटिबंधातील एकही शहर त्यावाचून राहिलेले नाही, हा त्यातला दैवदुर्विलास.

येथे कोणी विचारील, की परके झाड म्हणजे वाईट झाड असा हा नवा सोवळेपणा आहे काय? तसे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. चिंच आफ्रिकेची, हे शास्त्रज्ञ सांगतात. पण ती इतक्या प्राचीन काळी आली, आणि माणसांच्या ताटापासून माकडांच्या पोटापर्यंत सर्वांनी तिला इतके आपलेसे केले, की गावोगावच्या चिंचोल्यांस आता तिचे माहेर विचारणे व्यर्थ आहे. सीताफळ अमेरिकेकडील, आपण त्यास सीतेचे नाव देऊन मोकळे झालो. ही झाडे बीजरूपाने आली, हळूहळू आली, आणि त्यांच्यापासून कोणाच्या तरी घरात काहीतरी शिजत होते म्हणून राहिली. ज्याचे काही शिजत नाही, ज्याची छाया नाही, ज्यावर घरटे नाही, केवळ पाहुण्याच्या डोळ्यांस बरे दिसावे म्हणून जे वाढलेल्या देहानिशी, मुळांशी असलेल्या मातीच्या गोळ्यासकट उचलून आणले जाते, त्याची गोष्ट वेगळी.

सेवाग्रामात ह्याचा उलट प्रयोग झाला होता. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगाव ह्या खेड्यात राहावयास आले. बुलढाण्याकडील शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्यामुळे १९४० साली ह्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. तेथील कुट्यांची माती, बांबू, लाकूड, कवले आसपासची असावीत आणि खर्च अगदी बेताचा असावा, असा त्यांचा कटाक्ष होता. आश्रमात त्यांनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आजही दाखवितात. बकुळ ही खरे म्हणजे सह्याद्रीची लेक, वऱ्हाड-नागपूरची नव्हे. पण पिंपळाच्या शेजारी ती कोणास खुपत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने त्या काळात शिंदी-ताडाच्या नीरेपासून गूळ करण्याचा उद्योग चालविला होता. ज्या झाडाकडे सरकार केवळ मद्याचा कर म्हणून पाहत होते, त्याच नाल्याकाठच्या काटेरी शिंदीत त्यांना खेड्याची साखर दिसली. शिंदीच्या पानांच्या चटया होतात, केरसुण्या होतात. पावसाळ्यात सुगरणी तिच्या झावळ्यांच्या टोकांस पाण्यावर झुलणारी घरटी बांधतात. कोणीही न लावलेल्या झाडाचा एवढा संसार.

आज वर्ध्याहून नागपूरच्या किंवा यवतमाळच्या रस्त्यास लागावे, म्हणजे लग्नकार्यांसाठी बांधलेली विस्तीर्ण आवारे दिसतात. विदर्भात त्यांस 'लॉन' म्हणतात. त्यांच्या कमानीतून आत डोकावणाऱ्यास प्रथम भेटतात ते ताड. आपले ताड नव्हेत. गुळगुळीत, करड्या, खांबासारख्या खोडाचा रॉयल पाम हा क्यूबा व त्याच्या शेजारचा. पंख्याप्रमाणे पाने पसरणारा ट्रॅव्हलर्स पाम मादागास्करचा. कुंड्यांतून आणि भिंतींच्या कडेने झुबक्यांनी वाढणारा अरेका पामही मादागास्करचाच. आणि बुडाशी फुगलेल्या खोडाचा, बाटलीच्या आकाराचा बॉटल पाम हा मॉरिशसच्या उत्तरेस असलेल्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटाचा. वाटेवर पिवळी फुले सांडणारा पीतमोहर पाहावा तर तो सिंहलद्वीप, अंदमान आणि मलायाकडील. एका मंगल कार्यालयाच्या अंगणात निम्म्या जगाची बेटे गोळा झालेली असतात. नसतो तो नाल्याकाठचा शिंदीचा ताड. अंगण सपाट करिताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडलेली असते.

राउंड आयलंडची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. सुमारे दोन चौरस किलोमीटरचा हा ज्वालामुखीचा खडक. एकोणिसाव्या शतकात तेथे बकरे आणि ससे सोडण्यात आले. ज्या झाडांस चरणाऱ्या प्राण्याची ओळखच नव्हती त्यांचे कोवळे अंकुर दीडशे वर्षे खाल्ले गेले. माती उघडी पडून पावसाबरोबर समुद्रात गेली, आणि बॉटल पामचे प्रौढ वृक्ष आपल्या जन्मभूमीवर बोटांवर मोजण्याइतके उरले. १९७९ मध्ये शेवटचे बकरे आणि १९८६ मध्ये शेवटचे ससे तेथून काढण्यात आले, तेव्हा कोठे रोपे पुन्हा डोके वर काढू लागली. आपल्या लॉनच्या दाराशी मांडलेल्या त्या जोडीमागे हा सारा इतिहास उभा आहे. वऱ्हाडी मंडळी त्या जोडीशेजारी उभी राहून छायाचित्रे काढितात, आणि बोअरवेलचे पाणी त्या जोडीस भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ मिळते. कुंपणापलीकडचा कोरडवाहू कापूस पावसाची वाट पाहत असतो.

पाण्याचा हिशेब तरी डोळ्यांस दिसतो. मातीच्या गोळ्यातून जे येते ते दिसत नाही. आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिका सर्व देशास शोभेची झाडे पुरवितात. वाढलेले ताड मुळांशी गोणपाटात बांधून मालमोटारींतून दूरदूर जातात. त्या गोणपाटात केवळ मुळे नसतात. अंडी, अळ्या, बुरशी, तणांचे बी हेही प्रवासी असतात, आणि त्यांचे भाडे कोणी आकारीत नाही. मॉरिशसचेच उदाहरण घ्यावे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या एका अभ्यासकाने तेथून मोठ्या आफ्रिकी गोगलगायी जिवंत आणल्या आणि त्या कलकत्त्यास चौरंगीतील एका बागेत सुटल्या. तेथून त्यांचा वंश बागेतून बागेत, कुंडीतून कुंडीत, मातीबरोबर आणि रोपांबरोबर देशभर पसरत गेला. २०२२ साली लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची नुकती उगवलेली रोपे रात्रीतून फस्त केली. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली, आणि पहाटे बायामाणसे मीठ व चुन्याच्या बादल्या घेऊन शेतात गोगलगायी वेचीत होती. वर्धा जिल्हाही कापूस-सोयाबीनचाच आहे. येथे शोभेच्या ताडाच्या बुंध्याशी आलेला एखादा शंख म्हणजे काय, हे ज्याने ती पहाट पाहिली त्यास समजावून द्यावे लागत नाही.

आपणही जगास काही दिलेले आहे. नारळीच्या पोटात शिरून गाभा पोखरणारा लाल सोंड्या भुंगा हा कोकणातील बागाईतदाराच्या पिढीजात वैऱ्यांपैकी एक; आपल्या शिंदीलाही तो सोडीत नाही. ह्या किड्याची खोटी गोष्ट अशी, की त्याची अळी खोडाच्या आत असते. बाहेरून झाड डौलाने उभे दिसते आणि एके दिवशी शेंडा कलतो. ताडाच्या जातीस वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले. दक्षिण आशियातला हा भुंगा ताडांच्या व्यापाराबरोबर १९८० नंतरच्या दशकात इराणी आखाताच्या किनाऱ्यावर, १९९२ मध्ये मिसर देशात आणि पुढे स्पेनमध्ये पोचला. स्पेनच्या किनाऱ्यावर तेव्हा प्रवाशांसाठी हॉटेले व वसाहती धडाक्याने उभ्या राहत होत्या. त्यांच्या अंगणांस रातोरात खजुरीचे बन हवे होते, म्हणून मिसरातून वाढलेली झाडे जहाजांनी आणण्यात येत. २००५ साली हा भुंगा अटलांटिकमधील कानारी बेटांत सापडला. त्या बेटांची स्वतःची एक खजुरी आहे, आपल्या शिंदीची सख्खी बहीण म्हणावी अशी, एकाच कुळातील. परदेशी खजुरी शोभेसाठी आणली आणि तिच्या पोटातला शत्रू घरच्या खजुरीच्या दारात येऊन उभा राहिला. बाहेरचे ताड आणण्यास बंदी, सापळे, रोगी झाडे कापून नष्ट करणे, एकेका झाडाची तपासणी, असे अनेक वर्षे चालले तेव्हा २०१६ मध्ये कानारी बेटे त्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. बहुतेक देशांस एवढेही साधलेले नाही.

त्याचा भाऊबंद गेंड्या भुंगा. तो १९०९ साली सिंहलद्वीपाहून रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिकमधील सामोआ बेटावर उतरला, आणि तेथून बेटाबेटांवरील नारळीच्या मुळावर आला. २००७ साली ग्वाम बेटावर तो प्रथम आढळला तो तुमोन उपसागराच्या काठी, म्हणजे त्या बेटाच्या हॉटेलांच्या वस्तीत. २०१३ मध्ये हवाईत पोचला. नारळीवर ज्या बेटवासीयांचे तेल, पेय, छप्पर आणि दोरखंड अवलंबून होते त्यांस परदेशी पाहुण्यांच्या वाटेने हे फळ मिळाले. बेटे दुबळी का पडतात ह्याचे कारण सोपे आहे. समुद्राने वेढलेल्या भूमीवर लक्षावधी वर्षांत जी झाडे वाढली त्यांस मोजकेच शत्रू ठाऊक असतात. नवा शत्रू आला तर पळून जावयास दुसरे रान नसते. मुख्य भूमीस हे भय कमी, पण अजिबात नाही असे नव्हे. नांगराखाली गेलेल्या मुलखात उरलेली रानेही बेटेच असतात. वर्धा जिल्ह्याच्या ईशान्येस असलेले बोरचे सागवन, ज्यास १९७० साली अभयारण्याचा आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, ते नकाशावर पाहिले तर शेतांच्या समुद्रातील एक बेटच दिसते. घाणेरी ही मुळात अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेचे कुंपण म्हणून आणलेली. आज भारतातील वाघांच्या रानांपैकी फार मोठा भाग तिने व्यापिला आहे, आणि जेथे ती दाटते तेथे हरणांचा चारा उगवत नाही. ही सगळी कथा कुंपणाच्या एका ओळीपासून सुरू झाली.

ज्या सेवाग्रामाचा उल्लेख वर आला तेथे जाणाऱ्या रस्त्यावर जुनी झाडे होती. २०२० साली रस्ता रुंद करण्यासाठी त्यांतली बरीच तोडण्यात आली. वर्ध्यातील नागरिकांनी झाडांखाली उभे राहून विरोध केला, वृत्तपत्रांतून गवगवा झाला आणि उरलेल्या झाडांवरची कुऱ्हाड थांबली. गंमत अशी, की हा रस्ता गांधीजींच्या आश्रमाकडे येणाऱ्या यात्रिकांच्या सोयीसाठी आणि परिसराच्या शोभेसाठीच मोठा होत होता. पुढल्या वर्षी, २०२१ मध्ये, राज्याने शहरी वृक्षांच्या १९७५ च्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्ष मानण्याची तरतूद केली, आणि झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, ती लावताना सहा ते आठ फूट उंच असावीत असेही ठरविले. हेतू चांगला आहे. परंतु सहा-आठ फुटांचे तयार झाड तत्काळ कोठे मिळते? ते मिळते रोपवाटिकेत; आणि रोपवाटिकेत जे लवकर उंच होते व लवकर फुलते तेच अधिक वाढविलेले असते. कंत्राटदारास मुदत असते, अधिकाऱ्यास उद्घाटनाचा दिवस असतो, आणि पिंपळास ह्या दोन्हींची पर्वा नसते.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मालमोटारी येऊ लागतात. रॉयल पाम, बॉटल पाम, गुलमोहर, पीतमोहर ह्यांचे दर विचारावे, विक्रेता फुटाप्रमाणे सांगतो. कडुनिंब मिळतो, करंज मिळतो. उंबर मागितला तर तो हसतो, कारण उंबर भिंतीच्या फटीत आपण होऊन उगवतो आणि लोक तो उपटून टाकण्याचे पैसे देतात. शिंदी तर कोणी विकीतच नाही. कोल्हे आणि पाखरे तिची फळे खाऊन नाल्याच्या काठी जे बी टाकितात, त्यातून ती उगवते.